धाग्यांतले वादक: मध्ययुगीन ख्रिस्ती वस्त्रांवरील संगीतचित्रे कशी पाहावीत

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात स्टीपल ॲस्टन नावाचे एक गाव आहे. तेथील चर्चच्या मालकीचे, साधारण १३१० ते १३४० या काळात भरतकाम केलेले एक रेशमी धर्मवस्त्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे ठेवलेले आहे. त्यावर घोड्यावर स्वार झालेला एक देवदूत ल्यूट हे तंतुवाद्य छेडतो आहे आणि त्याचा जोडीदारही घोड्यावर बसूनच ताल धरतो आहे. इंग्लंडच्या कलेत ल्यूट दिसणारी जी अगदी सुरुवातीची चित्रे आहेत, त्यांत या भरतकामाची गणना होते. असे चित्र पहिल्यांदा पाहणारा माणूस साहजिकच वाद्याकडे धाव घेतो: हे कोणते वाद्य, त्याला तारा किती, ते कसे वाजत असेल. माझ्या मते नवख्या अभ्यासकाची पहिली चूक येथेच होते, कारण त्याच्यासमोर वाद्य नसते. सुईने किंवा मागावर घडवलेले वाद्याचे रूप असते, आणि कापडाला काय जमते व काय जमत नाही हे कळल्याशिवाय त्या रूपावर विश्वास कुठवर ठेवावा हे ठरवता येत नाही.

म्हणून या लेखात पाहण्याचा एक क्रम सुचवला आहे. आधी कापड, मग त्या कापडावरील जागा, त्यानंतर प्रसंग, नंतर वादकाचे हात आणि सर्वांत शेवटी वाद्याचे नाव. हा क्रम उलटा वाटला, तरी सवय झाल्यावर बरेच गोंधळ आपोआप टळतात.

पहिली पायरी: कापड कसे घडले ते ओळखा

मध्ययुगीन ख्रिस्ती वस्त्रांवरील चित्रे प्रामुख्याने दोन रीतींनी घडलेली असतात. एका रीतीत तयार कापडावर सुईने भरतकाम केले जाते, तर दुसरीत चित्र कापडाबरोबरच विणले जाते आणि त्याला टॅपेस्ट्री म्हणतात. मराठी वाचकाला हा फरक समजणे मुळीच अवघड नाही, कारण दोन्ही रीतींचे नातलग आपल्या घरात असतात.

टॅपेस्ट्रीचे तत्त्व पैठणीच्या पदरात आहे. पदरावर मोर किंवा वेल विणताना बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते आणि तो धागा आपल्या रंगाच्या हद्दीपुरता जाऊन परत फिरतो. युरोपातील भिंतीवर टांगायच्या प्रचंड लोकरी टॅपेस्ट्री याच तत्त्वावर विणल्या गेल्या. अशा विणकामात आडव्या-उभ्या रेषा स्वच्छ येतात. तिरक्या व गोल रेषांना मात्र पायऱ्या पडतात. हार्प या उभ्या तंतुवाद्याच्या बाकदार खांबाची किंवा ल्यूटच्या गोल पोटाची कड दातेरी दिसली, तर दोष वाद्याचा नसतो, विणीचा असतो.

भरतकामाची गोष्ट वेगळी आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडच्या, विशेषतः लंडनच्या कारागिरांनी केलेल्या चर्चसाठीच्या भरतकामाला सगळ्या युरोपात मान होता आणि लॅटिनमध्ये त्याला ‘ओपुस आंग्लिकानुम’, म्हणजे ‘इंग्रजी काम’, असेच नाव पडले होते. १२९५ साली पोपच्या खजिन्याची जी यादी करण्यात आली, तिच्यात या कामाचे उल्लेख शंभराहून अधिक वेळा येतात. या कामात दोन टाके मुख्य होते. चेहरे, हात व कपड्यांच्या चुण्या यांसाठी बारीक रेशमाचा असा टाका वापरला जाई की पुढचा टाका घालताना सुई आधीच्या धाग्याला मधोमध चिरून वर येई. त्यामुळे अगदी नाजूक वळणाची सलग रेष काढता येई आणि गालांवर तर हे टाके भोवऱ्यासारखे गोल गोल फिरवलेले दिसतात. पार्श्वभूमीसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची पट्टी रेशमावर गुंडाळून केलेला धागा, म्हणजे आपली कलाबतू, वापरत. जरदोजीत कलाबतू कापडावर ठेवून वरून बारीक टाक्यांनी टाचतात. इंग्रज कारागीर मात्र मागच्या बाजूने लिननचा दोरा चालवीत आणि त्या दोऱ्याने कलाबतूचा इवलासा फास कापडाच्या आरपार मागे ओढून घेत. दर्शनी बाजूला टाचणीचा धागा दिसत नसे, सोन्याचा पत्रा अखंड वाटे, आणि प्रत्येक फासाशी जणू एक बिजागर तयार झाल्यामुळे इतकी जर असूनही वस्त्र अंगावर मऊ पडे.

संगीतचित्रांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वादकाच्या बोटांना भरतकामात जेवढा न्याय मिळतो, तेवढा टॅपेस्ट्रीत क्वचितच मिळतो. हे मनात ठेवूनच पुढे जावे.

दुसरी पायरी: वस्त्रावरची जागा पाहा

चर्चमधील वस्त्रांचे प्रकार बरेच आहेत, परंतु सुरुवातीला तीन पुरेत. चॅझुबल हे धर्मगुरू मिस्सा या मुख्य उपासनेच्या वेळी सर्वांत वर घालतो ते वस्त्र. वेदीच्या पुढच्या बाजूला लावायचा पडदा हा दुसरा प्रकार. तिसरा म्हणजे कोप. या शब्दाचा मराठीतील कोपाशी काही संबंध नाही. खांद्यांवरून घेऊन छातीशी अडकवायचा तो अर्धवर्तुळाकार झगा असतो. मिरवणुका, सायंप्रार्थना आणि मोठे सण यांसाठी तो वापरला जाई.

कोप-झग्याची रुंदी सुमारे तीन मीटर भरते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील सायन कोप, जो चौदाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला आहे, तो जवळपास १४७ सेंटिमीटर उंच आणि २९५ सेंटिमीटर रुंद आहे. संग्रहालयात तो सपाट मांडलेला असतो आणि छायाचित्रातही तसाच दिसतो, त्यामुळे कडेच्या आकृती तिरक्या किंवा आडव्या पडल्यासारख्या भासतात. येथे एक छोटा प्रयोग अवश्य करावा. जुन्या वर्तमानपत्राचे अर्धवर्तुळ कापावे, सरळ कडेच्या मध्यबिंदूकडे सगळ्यांची डोकी येतील अशा रीतीने त्यावर आठ-दहा माणसे काढावीत, आणि तो कागद एखाद्या बाटलीच्या खांद्यावरून शालीसारखा गुंडाळावा. सपाट असताना आडवी वाटणारी माणसे ताठ उभी राहतात. मध्ययुगीन आरेखकाने हा हिशेब आधीच केलेला असे, आणि म्हणूनच वादक देवदूत उडतो आहे, पडतो आहे की उभा आहे याचा निर्णय झगा मनातल्या मनात पांघरल्याशिवाय घेऊ नये.

जागेचा दुसरा अर्थही महत्त्वाचा आहे. इटलीतील बोलोन्याच्या मध्ययुगीन संग्रहालयात चौदाव्या शतकाच्या आरंभीचा एक इंग्रजी कोप-झगा आहे. त्यावर कमानींच्या दोन रांगा असून कमानींच्या आत ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग आहेत आणि दोन कमानींच्या मधल्या त्रिकोणी जागांत वाद्ये घेतलेले देवदूत बसवले आहेत. म्हणजे वादक कथेचे पात्र नाही. कथा पृथ्वीवर घडते आहे आणि तिच्या वरच्या अंगाला, स्वर्गाच्या बाजूला, संगीत चालू आहे. देवळाच्या मंडपात खांबांच्या माथ्यावर वादक गंधर्व कोरलेले आपण पाहतो. त्यांच्याकडे मूळ शिल्पपटाचा भाग म्हणून आपण पाहत नाही, तरी त्यांच्यावाचून मंडप पुरा वाटत नाही. तशीच ही योजना आहे. वादक चौकटीत आहे की चौकटीबाहेर, एवढी एक नोंद केली तरी अर्धे काम होते.

आणि हे वस्त्र कोण पांघरत होते, हेही विसरू नये. इंग्लंडमधील मोठ्या चर्चमध्ये सणांच्या दिवशी गायकवृंदाचे नेतृत्व करणारे गायक रेशमी कोप परिधान करून मध्यभागी उभे राहत. ज्यांच्या गळ्यातून स्तोत्र निघत होते, त्यांच्याच पाठीवर देवदूतांचे वादन चाललेले असे. संग्रहालयाच्या काचेमागे हे नाते तुटते. पाहणाऱ्याने ते आपल्या मनात पुन्हा जोडावे लागते.

तिसरी पायरी: प्रसंग कोणता ते ठरवा

या चित्रांमागे बायबलमधील मोजकेच उतारे असतात, आणि ते मराठी बायबलमध्ये एकदा वाचून ठेवले तर पुढचे काम सोपे होते. स्तोत्रसंहितेतील १५० वे स्तोत्र हे सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यात शिंग, तंतुवाद्ये, डफ, नृत्य आणि झांजा यांनी देवाचे स्तवन करा असे सांगितले आहे. वादक देवदूतांचा मोठा मेळा कोणत्याही विशिष्ट कथेविना दिसला, तर त्याच्या मुळाशी बहुधा हेच स्तोत्र असते.

मुकुटधारी राजाच्या हातात हार्प असेल तर तो दावीद. स्तोत्रांचा कर्ता म्हणून त्याची ओळख आहे आणि ‘इशायाचा वृक्ष’ या चित्रविषयात त्याची हमखास भेट होते. दावीदाचा पिता इशाय खाली झोपलेला असतो, त्याच्या देहातून वेल निघतो आणि त्या वेलाच्या विळख्यांत ख्रिस्ताचे राजवंशी पूर्वज बसलेले असतात. वेलाचे वळण आणि झग्याचे अर्धवर्तुळ एकमेकांत चांगले जमत असल्याने हा विषय भरतकाम करणाऱ्यांना प्रिय होता.

ख्रिस्तजन्माच्या प्रसंगात मेंढपाळांकडे पाहावे. त्यांच्यापैकी एखाद्याजवळ पावा किंवा मशकवाद्य असते. हे रानातले, गुराख्यांचे संगीत. त्यांच्या डोक्यावर देवदूताच्या हातात मजकुराची फीत असते आणि तिच्यावर पुष्कळदा ‘ग्लोरिया इन एक्सेल्सिस देओ’, म्हणजे ‘सर्वोच्च स्थानी देवाचा गौरव’, हे शब्द असतात. ही फीत म्हणजे गायन आहे. मध्ययुगीन चित्रकाराजवळ आवाज दाखवण्याचा हा एक सरळ मार्ग होता, त्यामुळे वाद्य दिसत नसले तरी फीत दिसल्यावर ‘येथे गाणे चालू आहे’ अशी नोंद करावी. मरियेच्या राज्याभिषेकाभोवतीही वादक देवदूत पुष्कळ वेळा येतात.

उरले बायबलमधील शेवटचे, प्रकटीकरणाचे पुस्तक, आणि ते सर्वांत समृद्ध आहे. पाचव्या अध्यायात चोवीस वडील सिंहासनापुढे तंतुवाद्ये घेऊन आहेत, आठव्या अध्यायापासून सात देवदूत सात कर्णे वाजवतात, चौदाव्या अध्यायात सियोन डोंगरावर नवे गीत होते, पंधराव्यात काचेच्या समुद्राकाठी पुन्हा तंतुवाद्ये येतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वडिलांच्या हातातील वाद्याला ग्रीकमध्ये ‘किथारा’ आणि लॅटिनमध्ये ‘किथारा’च्याच रूपाचा शब्द आहे. प्राचीन किथारा कशी असते हे मध्ययुगातील आरेखकाने पाहिलेले नव्हते. म्हणून त्याने कधी हार्प, कधी गजाने वाजणारी फिडल, तर कधी ल्यूट काढले. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्याच ठिकाणी ‘वीणा’ हा शब्द योजला आहे. दोघांनीही एकच केले: परक्या वाद्याच्या जागी आपल्या लोकांच्या ओळखीचे वाद्य ठेवले. म्हणून वस्त्रावर दिसणारे वाद्य बायबलच्या काळाबद्दल काहीही सांगत नाही. ते आपल्याला वस्त्र घडवणाऱ्यांच्या काळात घेऊन जाते.

मात्र त्या काळातील चर्चमध्ये ही सगळी वाद्ये वाजत होती असाही निष्कर्ष काढू नये. मध्ययुगीन उपासनेचे संगीत मुख्यतः मानवी कंठाचे होते, आणि वाद्यांमध्ये ऑर्गनला हळूहळू स्थान मिळाले. फिडल, ल्यूट, नगारे यांचे खरे स्थान दरबार, मेजवान्या, नृत्य आणि रस्ता येथे होते. स्टीपल ॲस्टनचा देवदूत घोड्यावर बसून वाजवतो, यातच त्या सरदारी जगाची खूण आहे. कारागिराने पृथ्वीवरील दरबाराचे वैभव उचलून स्वर्गाच्या दरबाराला दिले. नवखे वाचक अशा चित्रांना चर्चच्या वाद्यवृंदाचे छायाचित्र समजतात, आणि तो समज काढून टाकणे मला या विषयातील सर्वांत आवश्यक काम वाटते.

चौथी पायरी: आधी हात, मग वाद्य

आता वाद्याकडे वळावे, पण हातांच्या वाटेने. कारागीर तारांची संख्या कमी-जास्त करतो, खुंट्या विसरतो, जागा कमी पडली की वाद्याची मान आखडती घेतो. हातांचे तसे होत नाही, कारण हातांची ठेवण चुकली तर वादक वादक वाटतच नाही. म्हणून वाद्य झाकून फक्त दोन्ही हात पाहावेत आणि मग प्रश्न विचारावा: हे हात काय करीत आहेत?

दोन्ही हात तारांच्या दोन बाजूंनी समोरासमोर आले असतील आणि वाद्य छातीशी उभे असेल तर हार्प. वाद्य पेटीसारखे सपाट, छातीवर धरलेले आणि दोन्ही हातांनी छेडलेले असेल तर सॉल्टरी. आपल्या गायकांच्या मांडीवरील स्वरमंडल ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती चटकन ओळखू येईल. एक हात मानेवर आणि दुसरा पोटावर असेल तर ल्यूट किंवा गिटर्न, सिटोल या तशाच छेडून वाजवायच्या लहान वाद्यांपैकी एक. ल्यूटचे पोट अर्ध्या नासपतीसारखे फुगीर असते आणि त्याचे नावच अरबी ‘अल्-ऊद’पासून आले आहे. उजव्या हातात गज असेल तर फिडल. आपल्या सारंगीप्रमाणे ती मांडीवर उभी न धरता बहुतेक वेळा खांद्याला किंवा छातीला टेकवून वाजवलेली दिसते.

डावा हात मागच्या बाजूला आणि उजव्या हाताची बोटे पुढे लहान पट्ट्यांवर, वरती नळ्यांची उतरती रांग, असे चित्र असेल तर तो हातऑर्गन आहे. डाव्या हाताने भाता मारायचा आणि उजव्या हाताने सूर दाबायचे ही त्याची रीत पेटीवादकाला शिकवावी लागणार नाही. येथे मराठी वाचकाची नजर युरोपीय वाचकाहून तयार असते, आणि तिचा मोकळेपणाने उपयोग करावा.

तालवाद्यांत तर हे नाते थेट शब्दांपर्यंत पोहोचते. कमरेला बांधलेली, दोन काठ्यांनी वाजवायची लहान नगाऱ्यांची जोडी इंग्रजीत ‘नेकर्स’ म्हणून ओळखली जाई. हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून तिकडे गेला आणि त्याच शब्दावरून आपला ‘नगारा’ झाला. कमरेला जोडी बांधण्याची पद्धत मात्र आपल्या संबळाशी जुळते. सनईप्रमाणे दुहेरी जिव्हाळीचे वाद्य तिकडे शॉम नावाने आढळते. डफ आणि झांजा यांना ओळख करून देण्याची गरज नाही. लांबलचक सरळ नळीचे तोंडवाद्य दिसले तर त्याला तुतारी न म्हणता कर्णा म्हणावे, कारण तुतारीला बाक असतो. चौदाव्या शतकातील युरोपीय कर्णे सरळच होते. वळवलेल्या नळीचे कर्णे साधारण १४०० नंतर दिसू लागतात. एवढी बारीकसारीक खूण कधी कधी वस्त्राचा काळ पडताळायला मदत करते.

तारा मोजायच्याच असतील तर शेवटी मोजाव्यात, आणि जो आकडा येईल तो नोंदवून त्यावर फारसे काही उभारू नये. तेहतिसाव्या स्तोत्रात दहा तारांच्या वाद्याचा उल्लेख आहे आणि संत ऑगस्टीनने या दहा तारांचा संबंध दहा आज्ञांशी जोडला होता. तेव्हा दावीदाच्या वाद्याला दहा तारा सापडल्या, तर तो उपदेश असू शकतो.

पाचवी पायरी: काय हरवले आहे ते शोधा

वस्त्र झिजते, आणि त्याचे सगळे धागे सारख्या गतीने झिजत नाहीत. लोहयुक्त रंगाने काळे किंवा गडद तपकिरी केलेले रेशीम इतर रेशमाच्या आधी कुजते. बाह्यरेषा, केस, वाद्याच्या कडा यांसाठी हाच रंग लागत असल्यामुळे नेमक्या ओळख पटवणाऱ्या रेषा आधी जातात. एकच धागा ताणून दाखवलेली तारही सहज तुटते. उलट, रेशीम गळून पडलेल्या जागी खालच्या कापडावर आरेखकाने शाईने काढलेली मूळ रेष कधी कधी उघडी पडते. मोठे छायाचित्र मिळाले तर ती जरूर शोधावी, कारण काढलेले वाद्य आणि भरलेले वाद्य यांत फरक असू शकतो.

त्यानंतर कात्रीचा विचार करावा. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा झाल्यावर असंख्य वस्त्रे सोन्यासाठी वितळवली गेली, काहींच्या उशा व आच्छादने झाली. स्टीपल ॲस्टनचा कोपही कापून त्यातून वेदीचे पडदे जोडण्यात आले होते. जोडकामात आकृती अर्धवट तुटते, एकीचे डोके दुसरीच्या शेजारी येते, आणि मूळ मेळ्यात कोण कोणाशेजारी वाजवत होता हे सांगता येत नाही. शिवण कुठे आहे हे पाहिल्याशिवाय ‘या मेळ्यात एवढी वाद्ये होती’ असे विधान करू नये.

टॅपेस्ट्रीत आणखी एक धोका आहे. विणकर कापडाच्या मागच्या बाजूने काम करतो, आणि आडव्या मागावर खाली ठेवलेल्या नमुन्यावरून विणताना चित्र आरशातल्यासारखे उलटते. एखाद्या टॅपेस्ट्रीतील सगळेच वादक डावखुरे दिसले तर त्यांच्या हातांबद्दल नवल करण्याआधी तलवारी कोणत्या हातात आहेत आणि आशीर्वाद कोणता हात देतो आहे, हे तपासावे. तेही डावे निघाले तर चित्र उलटले आहे असे समजावे.

सरावासाठी: आँजेची प्रकटीकरणाची टॅपेस्ट्री

या सगळ्या पायऱ्या एकाच ठिकाणी गिरवायच्या असतील तर फ्रान्समधील आँजे शहराच्या किल्ल्यातील टॅपेस्ट्रीइतके दुसरे चांगले साहित्य नाही. आंजूचा ड्यूक पहिला लुई याने १३७० च्या दशकात ती विणायला सांगितली. त्याचा भाऊ, फ्रान्सचा राजा पाचवा शार्ल, याच्या पदरी असलेला चित्रकार झाँ बोंदोल याने तिची चित्रे रचली, आणि निकोला बाताय या पॅरिसच्या व्यापाऱ्याने विणकामाची व्यवस्था केली. मुळात ती सहा मोठ्या पटांची, सुमारे १४० मीटर लांब आणि सहा मीटर उंच होती. तिच्यातील सुमारे ९० दृश्यांपैकी ७१ आज उरली आहेत आणि एकंदर लांबी १०० मीटरच्या आसपास भरते. लुईच्या वंशातील राजा रने याने ती आँजेच्या कॅथीड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला, दिली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे झाले आणि थंडीत संत्र्याच्या झाडांवर पांघरण्यापर्यंत तिची गत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅथीड्रलच्या एका धर्मगुरूने तुकडे गोळा करून तिला वाचवले.

पैठणीप्रमाणे या टॅपेस्ट्रीचीही मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ आहे. अस्तरामुळे उजेडापासून वाचलेली ती बाजू आजही रंगाने ताजी आहे, त्यामुळे मागच्या बाजूचे छायाचित्र मिळाल्यास रंगांचा अंदाज त्यावरून घ्यावा आणि डावे-उजवे पुढच्या बाजूवरून ठरवावे.

आधी कर्ण्यांचा क्रम घ्यावा. सात देवदूतांना सात कर्णे दिले जातात, आणि मग एकेक कर्णा वाजतो तसे गारा व अग्नी, जहाजांचा नाश, तुटून पडणारा तारा, टोळधाड असे एकेक संकट पुढच्या दृश्यात येते. येथे संगीत सजावट म्हणून मुळीच आलेले नाही. तेच कथेला पुढे ढकलते. प्रत्येक दृश्यात कर्ण्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि संकट कोठून कोठे येते हे कागदावर बाणांनी काढून पाहावे. मग सिंहासनाभोवतीच्या वडिलांकडे यावे आणि त्यांच्या वाद्यांची वर सांगितलेल्या हातांच्या क्रमाने यादी करावी. कर्ण्याचा एकाकी आवाज आणि तंतुवाद्यांचा मेळ, न्याय आणि स्तुती, या दोन गोष्टी विणकरांनी वाद्यांच्या निवडीतून कशा वेगळ्या ठेवल्या आहेत, हे तेव्हा डोळ्यांना दिसू लागते. एका बैठकीत पाचांहून अधिक दृश्ये घेऊ नयेत.

घंटा विसरू नका

नवखे अभ्यासक संगीत म्हणजे वाद्यवृंद असे धरून चालतात आणि मध्ययुगीन गावात सर्वांत जास्त ऐकू येणारा नाद, म्हणजे घंटा, नोंदवायचाच विसरतात. स्वीडनमधील स्कूग येथील चर्चमध्ये १९१२ साली सापडलेला आणि आता स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात असलेला लोकर व लिननचा पट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या मध्यभागी लाकडी चर्च आहे, शेजारी घंटाघर आहे, माणसे दोर ओढून घंटा वाजवीत आहेत आणि दोन्ही बाजूंनी प्राण्यांचे व स्वारांचे थवेच्या थवे चर्चकडे निघाले आहेत. आकृती अगदी साध्या, कोनाकोनांच्या आहेत, परंतु सगळ्या पटाची हालचाल त्या घंटांभोवती घडते.

फ्रान्समधील बायू येथील सुमारे ६८ मीटर लांबीच्या अकराव्या शतकातील प्रसिद्ध भरतकामातही इंग्लंडचा राजा एडवर्ड याच्या अंत्ययात्रेत तिरडीच्या कडेने दोन लहान आकृती हातात घंटा घेऊन चालतात. विषय युद्धाचा असला तरी हा पट बायूच्या कॅथीड्रलमध्ये लावला जात असल्याची नोंद १४७६ च्या यादीत आहे, त्यामुळे त्याला आपल्या अभ्यासात जागा द्यायला हरकत नाही.

शिवाय कधी कधी वस्त्र स्वतःच वाजत असे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मुख्य याजक अहरोन याच्या झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा आणि डाळिंबे लावण्याची आज्ञा आहे, आणि मध्ययुगातील काही धर्मवस्त्रांनाही खरोखर लहान घंटा शिवलेल्या असत. अशा वस्त्राचे चित्र पाहताना घेराकडे नजर टाकावी.

नोंद कशी ठेवावी आणि पाहायचे कोठे

एका वस्त्रासाठी वहीचे एक पान पुरते. वर वस्त्राचे नाव, काळ, ठिकाण आणि घडण्याची रीत लिहावी. मग प्रत्येक वादकासाठी एक ओळ: वस्त्रावरची जागा, चौकटीत की बाहेर, प्रसंग, डावा हात, उजवा हात, आणि शेवटी वाद्याचे नाव. नावाची खात्री नसेल तर ‘मान असलेले, छेडून वाजवायचे तंतुवाद्य’ असे साधे वर्णन लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ते पुढे कितीतरी उपयोगी पडते. झीज, शिवण आणि दुरुस्ती यांसाठी खाली रकाना ठेवावा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर अशा वस्त्रांची मोठी, टाके दिसतील इतकी स्पष्ट छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात, आणि सुरुवात तेथूनच करावी.

प्रत्यक्ष कापड पाहण्याची इच्छा असेल तर जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय आपल्याला जवळचे आहे. तेथील वस्त्रे पोर्तुगीज काळातील, म्हणजे मध्ययुगानंतरची आहेत, आणि त्यांत वादक देवदूत सापडतीलच असे नाही. पण चॅझुबल, वेदीचा पडदा आणि झगा यांचे आकार, जरीच्या पट्ट्या कोठे येतात, कलाबतू कशी टाचली जाते आणि एवढे जड कापड खांद्यावरून कसे पडते, हे तेथे काही फुटांवरून पाहता येते. तेथे जाण्याआधी कागदाच्या अर्धवर्तुळाचा प्रयोग करून जावे, आणि संग्रहालयातील झग्यापुढे उभे राहून त्यावरील प्रत्येक आकृती पांघरल्यावर कोठे येईल ते वहीत काढून पाहावे.